रूपंकर : भिलाईहून पाहताना

भिलाईहून भोपाळला जायचं तर दुर्गहून संध्याकाळी सुटणारी अमरकंटक एक्स्प्रेस सोयीची पडते. रात्रभर प्रवास आणि सकाळी भोपाळ. कामानिमित्त, लग्नकार्यानिमित्त मी या गाडीनं किती वेळा गेले याचा हिशेब नाही. भारत भवनातल्या ‘रूपंकर’ या कलासंग्रहालयात मात्र नीट वेळ काढून चारदाच गेले. पहिल्यांदा गेले तेव्हा तौलनिक साहित्यात नुकतंच एम. ए. केलं होतं आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीला ‘पाठ’ म्हणायची सवय लागली होती. चौथी भेट मागच्या हिवाळ्यातली. हे लिहितेय ते या चौथ्या भेटीबद्दल, पण आधीच्या तीन मधे मधे येणारच.

लिहायचं कारण एक फोन आहे. त्याच्याकडे येते, पण आधी जागा सांगायला हवी, कारण रूपंकरमध्ये जागेचा प्रश्न चित्रांइतकाच महत्त्वाचा आहे.

भारत भवन १३ फेब्रुवारी १९८२ रोजी सुरू झालं. इमारत चार्ल्स कोरिया यांची. शामला टेकडीच्या उतारावर, मोठ्या तलावाकडे तोंड करून बसलेली, आणि ‘बसलेली’ हे क्रियापद मी विचार करून वापरतेय. रस्त्यावरून पाहिलं तर इमारत जवळजवळ दिसतच नाही. गच्च्या आणि बागा दिसतात, मग पायऱ्या खाली खाली नेतात, आणि चौकाभोवती दालनं उघडत जातात. संस्था उभी करण्यात पुढाकार होता अशोक वाजपेयी यांचा. हिंदी कवी, सनदी अधिकारी, आणि जन्म दुर्गचा. आमच्या घरापासून रिक्षानं जाता येईल इतक्या अंतरावर जन्मलेल्या माणसानं हे सगळं भोपाळला उभं केलं याचा अभिमान आमच्याकडे कोणाला फारसा असल्याचं दिसत नाही. भिलाईत अभिमान असतो तो पोलादाचा, आणि तोही आता जरा जुना झालाय.

रूपंकरची सूत्रं वाजपेयींनी जगदीश स्वामीनाथन यांच्याकडे दिली. स्वामीनाथन चित्रकार होते, त्याआधी काही काळ कम्युनिस्ट कार्यकर्ते आणि पत्रकार. १९६३ साली ‘ग्रुप १८९०’ नावाच्या बारा चित्रकार-शिल्पकारांच्या गटाचं एकमेव प्रदर्शन दिल्लीत झालं, त्याच्या मध्यभागी ते होते. (१८९० हे साल नव्हे, भावनगरातल्या ज्या घरात गट ठरला त्या घराचा क्रमांक.) त्या बारांत आपल्या अकोल्याचे अंबादास खोब्रागडेही होते. नंतर ते नॉर्वेत गेले आणि तिथंच राहिले. वऱ्हाडात अंबादासांचं नाव किती जणांना माहीत आहे, हा प्रश्न मी अमरावतीच्या नातेवाइकांना विचारून पाहिला आहे. उत्तर लिहीत नाही.

स्वामीनाथन यांनी जे केलं ते आज सोपं वाटतं. त्यांनी कलेचं शिक्षण घेणाऱ्या मुलांच्या तुकड्या तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्या गावोगावी पाठवल्या: बस्तर, सरगुजा, मंडला, झाबुआ. भिंतीवरचं, मातीतलं, ओतीव पितळेतलं, लाकडातलं जे दिसेल ते पाहा, नोंदवा, मिळालं तर आणा, आणि करणाऱ्या माणसाचं नाव विचारा. मग एका छताखाली दोन विभाग झाले. एकात शहरी आधुनिक चित्रकला, दुसऱ्यात आदिवासी आणि लोककला. स्वामीनाथन यांचं म्हणणं असं की दोन्ही समकालीन आहेत. पाटणगढचा माणूस आज चित्र काढत असेल तर तो आजचाच चित्रकार आहे, कुठल्या तरी आदिम भूतकाळाचा उरलेला तुकडा नव्हे. समकालीन या शब्दाचा मराठीतही आपण ‘हल्लीचा’ असा अर्थ करून टाकला आहे. मुळात त्यात ‘एकाच काळातले’ हा सरळ अर्थ आहे, आणि त्याला निदान दोन माणसं लागतात. एकटा कोणी समकालीन नसतो.

याची जगाशी तुलना केली तर रूपंकर किती पुढे होतं हे कळतं. न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये ‘प्रिमिटिव्हिझम’ हे गाजलेलं प्रदर्शन भरलं ते १९८४ साली, म्हणजे भोपाळनंतर दोन वर्षांनी. तिथं पिकासोशेजारी आफ्रिकेतले मुखवटे ठेवले होते. पिकासोला नाव होतं, साल होतं. मुखवट्यांना जमात होती. थॉमस मॅकएव्हिलीनं त्यावर कडाडून टीका केली आणि तो वाद आजही तौलनिक साहित्याच्या वर्गात शिकवतात. आम्हालाही शिकवला. वर्गात कोणी भोपाळचं नाव काढलं नाही, आणि दुर्गहून आलेल्या मलाही ते सुचलं नाही, ही त्यातली गंमत. पॅरिसला पाँपिदू केंद्रात ‘पृथ्वीचे जादूगार’ हे प्रदर्शन भरलं १९८९ साली, आणि त्यात मंडल्याकडचे जनगढसिंह श्याम होते. ते तिथं पोचले ते भोपाळवरून.

मराठी वाचकाला इथं आणखी एक गोष्ट आठवेल. ऐंशीच्याच दशकात भालचंद्र नेमाडे आपल्याकडे देशीयतेची मांडणी करत होते. दोघांचा राग एकाच गोष्टीवर होता: आधुनिकता म्हणजे पश्चिमेकडून येणारी गाडी आणि आपण फलाटावर उशिरा पोचलेले प्रवासी, या कल्पनेवर. पण नेमाड्यांची देशी परंपरा शेवटी भाषेतून, म्हणजे लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या मराठीतून जाते, आणि तिथं गोंडी, कोरकू, माडिया यांना शिरायला दार अरुंद आहे. स्वामीनाथन डोळ्यांवर भिस्त ठेवत होते. त्यांना भाषेची अडचण आली नाही. उलट भाषेला बगल दिली म्हणून त्यांच्याही हातून काही निसटलं असं मला वाटतं.

आता तो फोन.

बारा-तेरा वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी मी एका कलासंग्रहाच्या पुस्तिकेचा मराठी अनुवाद केला होता. संस्थेचं नाव सांगायची गरज नाही, कारण चूक त्यांची नव्हती. मूळ हिंदी मजकुरात सगळ्यांसाठी एकच शब्द होता, ‘कलाकार’. मराठीत ‘कलाकार’ म्हटलं की नाटक-सिनेमावाले डोळ्यांसमोर येतात, म्हणून मी शब्द बदलले. शहरी लोकांसाठी ‘चित्रकार’, ‘शिल्पकार’. आदिवासी आणि लोककलेच्या भागात ‘कारागीर’. हे मी ठरवून केलं नाही, आणि तेच मला जास्त टोचतं. हात आपोआप गेला. पुस्तिका छापून झाली, मानधन मिळालं, विषय संपला. दोन वर्षांपूर्वी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गोंड शिक्षकाचा फोन आला. त्यांना ती पुस्तिका कुठल्याशा ग्रंथालयात सापडली होती. आवाज शांत होता.

“मॅडम, पुस्तक चांगलं आहे. एकच विचारायचं होतं. म्हणजे हुसेन चित्र काढतो अन् आमची माणसं वस्तू बनवतात, असंच ना?”

मी काहीतरी सारवासारव केली. ‘सारवासारव’ हा शब्द मराठीत कुठून आला हे त्या क्षणी लक्षात आलं आणि आणखीच लाज वाटली. भिंत सारवणं हे ज्या माणसांचं चित्र काढण्याआधीचं पहिलं काम, त्यांच्याच कामाचं नाव आपण लपवाछपवीला दिलं आहे. फोन ठेवल्यावर पुस्तिका काढून मोजलं तर ‘कारागीर’ एकोणीस वेळा.

म्हणून मागच्या हिवाळ्यात पुन्हा रूपंकर. या वेळी चित्रांइतकेच शब्द पाहायचे ठरवून.

आदिवासी विभागात मी आधी सोनाबाईंकडे गेले. सोनाबाई रजवार सरगुज्यातल्या पुहपुटरा गावच्या, अंबिकापूरकडच्या. लग्नानंतर नवऱ्यानं त्यांना बरीच वर्षं घराबाहेर पडू दिलं नाही, माणसांत मिसळू दिलं नाही. मुलाला खेळायला काही नाही म्हणून त्यांनी मातीची चित्रं-खेळणी करायला घेतली, मग उन्हाच्या झळा अडवायला बांबूच्या कामट्या वळवून त्यांवर माती लिंपून जाळ्या केल्या, जाळ्यांत पक्षी बसवले, साप सोडले, माणसं उभी केली, आणि घर भरून गेलं. रजवारांमध्ये सणाला भिंती लिंपून नक्षी करायची चाल होतीच. पण इतकं, आणि असं, कोणी केलं नव्हतं. कोणाचं पाहून केलं म्हणावं तर पाहायला बाहेर जायची मुभा नव्हती. १९८३ साली भारत भवनचे लोक त्यांच्या दारात पोचले. त्याच वर्षी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २००७ साली त्या गेल्या.

त्यांची माती पाहताना जे जाणवतं ते आधी सांगते. कडा कुठंही धारदार नाही. बोटानं दाबून, बोटानंच फिरवून आणलेली कड आहे. पोपटाचं अंग आणि ज्या फांदीवर तो बसलाय ती फांदी यांची जाडी जवळजवळ सारखी, त्यामुळे पक्षी फांदीवर येऊन बसल्यासारखा वाटत नाही, फांदीलाच फुटल्यासारखा वाटतो. रंग सपाट आणि धीट. आणि जाळी. जाळीतून पलीकडचं दिसतं, हे तिचं अर्धं काम आहे. पुहपुटऱ्याच्या घरात तिच्यातून अंगण दिसत असणार, ऊन सरकत असणार, दुपारी जमिनीवर वर्तुळांच्या सावल्या पडत असणार. संग्रहालयात जाळीच्या पलीकडे संग्रहालय असतं. संग्रहालयाला दोष देण्यात अर्थ नाही. माती पावसात वाहून गेली असती, इथं टिकली. पण आपण जे पाहतो ते सोनाबाईंच्या कामाचं भाषांतर आहे, आणि सगळ्या भाषांतरांसारखंच ते काय गाळून आपल्यापर्यंत आलं याचा अंदाज करत पाहावं लागतं. तिचं काम पक्षी किंवा जाळी एवढंच नव्हतं. घर हे काम होतं. घर कसं आणणार?

याच्या उलट जनगढ. पाटणगढचा हा परधान मुलगा स्वामीनाथन यांच्या माणसांना १९८१च्या सुमारास एका भिंतीवरच्या चित्रामुळे सापडला. भोपाळला आला, भारत भवनातच काम करू लागला. कागद मिळाला, कॅनव्हास मिळाला, छापचित्राची यंत्रं मिळाली, दुकानातले झगझगीत रंग मिळाले. परधान हे गोंडांचे भाट. बाना हे तंतुवाद्य वाजवत देवांच्या आणि कुळांच्या कथा गाणारे. विदर्भातही परधान आहेत आणि त्यांच्यातले पुष्कळ जण मराठीच बोलतात, हे आपल्या वाचकांपैकी यवतमाळ-चंद्रपूरकडच्यांना माहीत असेल. ज्या देवांचं एरवी चित्र काढत नसत, जे साज वृक्षात राहतात असं मानतात, त्यांना जनगढनं आकार दिला. बाह्यरेषा आखायची आणि आतलं अंग ठिपक्यांनी, छोट्या समांतर रेघांनी, फणीच्या दातांसारख्या ओळींनी भरत जायचं. हरणाच्या शिंगांतून झाड निघतं आणि झाड कुठं संपलं ते कळत नाही. जवळून पाहिलं तर ठिपके थरथरतात. चित्र गाण्याच्या सवयीतून आलंय हे पटतं: कथा सांगताना बान्याची तार जशी मागे सतत चालू असते, तसे ते ठिपके.

जनगढच्या मागोमाग पाटणगढचे नातेवाईक भोपाळला आले, शिकले, काढू लागले, आणि आज ज्याला सगळे ‘गोंड चित्रकला’ म्हणतात ती मोठ्या प्रमाणात त्या एका माणसापासून सुरू झालेली आहे. उदयन वाजपेयी यांनी तिला ‘जनगढ कलम’ म्हटलं. हे नाव मला फार अचूक वाटतं. ‘पहाडी कलम’, ‘कांगडा कलम’ म्हणतात त्या धर्तीवर, म्हणजे एका घराण्याचा मान देणारं, पण गावाच्या किंवा राजाच्या नावानं नव्हे, एका माणसाच्या नावानं. जमातीचं नाव काढून माणसाचं नाव घातलं की अख्खं वाक्य बदलतं. माझ्या पुस्तिकेत मी नेमकं उलट केलं होतं.

जनगढचा शेवट सगळ्यांना माहीत आहे. २००१च्या जुलैत, जपानमधल्या मिथिला म्युझियममध्ये कामासाठी गेलेले असताना, त्यांनी आत्महत्या केली. तेव्हा ते चाळिशीच्या आतच होते. त्यावर पुष्कळ लिहून झालंय, मी भर घालत नाही. फक्त एवढंच: कोरियांनीच बांधलेल्या भोपाळच्या विधानभवनाच्या भिंतीही त्यांनी रंगवल्या होत्या. म्हणजे राज्याच्या विधानसभेच्या भिंतीवर ज्याचा हात फिरला, त्या माणसाला आपण अनुवादात ‘कारागीर’ म्हणतो. बरं, मी म्हटलं होतं.

दोघांची तुलना करताना एक गोष्ट मला पूर्वी दिसली नव्हती. जनगढचं चित्र जगभर गेलं कारण ते गुंडाळून नेता येतं. सोनाबाईंचं काम फारसं गेलं नाही कारण ते भिंत आहे. त्यांच्यावरचं मोठं प्रदर्शन अमेरिकेत सॅन दिएगोच्या मिंगेई संग्रहालयात २००९ साली झालं, त्या गेल्यावर. जे प्रवास करू शकतं त्याचीच आपण ‘परंपरा’ म्हणून नोंद करतो. अनुवादाचंही तसंच. ज्या कवितेचा अनुवाद बरा होतो ती ‘मोठी’ ठरते आणि जी तिच्या बोलीला चिकटून बसते ती ‘स्थानिक’. मी स्वतः अनुवादासाठी पुस्तकं निवडताना हेच करत आले आहे, आणि प्रकाशकांना तर दुसरं काही नकोच असतं.

शहरी विभागाबद्दल थोडक्यात. तिथं स्वातंत्र्योत्तर भारतीय चित्रकलेतली अपेक्षित मोठी नावं आहेत आणि काही चित्रं खरोखर चांगली आहेत, काही नावामुळे आहेत. मला तिथं खिळवून ठेवलं ते एका वेगळ्याच गोष्टीनं. आधुनिक चित्राला ‘शीर्षकहीन’ राहायचा हक्क असतो. चित्रकार म्हणतो, मी सांगणार नाही, तुम्ही पाहा. आणि आपण त्या न सांगण्याचा मान ठेवतो, त्याला खोली मानतो. आदिवासी चित्राला हा हक्क नाही. त्याच्यापुढे उभं राहिलं की आपल्याला लगेच गोष्ट हवी असते: हा कोण देव, हे झाड कुठलं, हा विधी कशाचा? जनगढच्या चित्राला गप्प राहू देणारा प्रेक्षक मी अजून पाहिला नाही, मीही नाही. स्वामीनाथन यांना हे कळलं होतं. त्यांचा सगळा आग्रह होता की या गोष्टींकडे आधी रूप म्हणून पाहा, मानववंशशास्त्राचा पुरावा म्हणून नव्हे. संग्रहालयाचं नावच रूपंकर.

पण मग परधानाची कथा ऐकायचीच नाही का? इथं माझं आणि स्वामीनाथन यांचं पटत नाही. रूपावर इतका भर दिला की भाषा मागे पडते, आणि भाषेबरोबर माणसाचा स्वतःच्या कामाबद्दल बोलायचा अधिकारही. जनगढच्या कामाबद्दल सुरुवातीला जे लिहिलं गेलं त्यातलं बहुतेक हिंदीत आणि इंग्रजीत, इतरांनी. आमच्या भिलाईजवळच्या गनियारीच्या तीजनबाईंच्या बाबतीत हे का झालं नाही याचा मी विचार करते. त्या पंडवानी गायच्या. पंडवानी परधानही गातात. तीजनबाई हातात तंबोरा घेऊन उभ्या राहिल्या की कोणाची हिंमत नव्हती त्यांना अनाम ठेवण्याची. आवाज आणि नाव वेगळं करताच येत नाही. भिंतीवरचं चित्र मात्र करणाऱ्याला सोडून एकटं मागे राहतं, आणि मग जो लिहितो त्याच्या ताब्यात जातं. (तीजनबाई भिलाई पोलाद कारखान्यात नोकरीला होत्या. बाबा रेल मिलमध्ये होते, ते घरी सांगायचे, ‘आपल्याकडची तीजनबाई’. त्या ‘आपल्याकडची’ला अमरावतीचा हेल असायचा.)

शामला टेकडीवर रूपंकर एकटं नाही. त्याच टेकडीवर मानव संग्रहालय आहे, जिथं निरनिराळ्या जमातींची घरं उघड्यावर उभी केली आहेत. आणि २०१३ पासून मध्य प्रदेश जनजातीय संग्रहालय. एकाच माणसांची ही तीन भाषांतरं एकमेकांपासून थोड्याच अंतरावर आहेत. रूपंकर म्हणतं ही कला. मानव संग्रहालय म्हणतं ही जीवनपद्धती. जनजातीय संग्रहालय म्हणतं हा देखावा, आणि देखावा भव्य आहे हे मान्य करायला हवं. तो आदिवासी कलावंतांनीच उभा केलाय आणि तिथं मुलं हरखून जातात. माझा बारा वर्षांचा भाचा रूपंकरमध्ये वीस मिनिटांत कंटाळला होता, तिथून त्याला ओढून बाहेर काढावं लागलं. एक दिवस तिन्ही पाहा असं मी सुचवेन, आणि शेवटी रूपंकर. आधी पाहिलं तर त्याची शांतता रिकामी वाटते.

जनजातीय संग्रहालयात एक दालन पाहुण्या राज्याचं आहे. अतिथी राज्य: छत्तीसगढ. मी पाटीपुढे बराच वेळ उभी होते. १ नोव्हेंबर २०००पर्यंत आम्ही याच राज्यात होतो. माझ्या दहावीच्या प्रमाणपत्रावर भोपाळच्या मंडळाचं नाव आहे. राज्य दोन झालं तेव्हा जमीन, जंगल, नोकऱ्या, वीज यांची वाटणी झाली. चित्रांची वाटणी कोणी मागितल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. सोनाबाईंचं पुहपुटरा छत्तीसगढात आलं, बस्तर आलं, आणि १९८२च्या आसपास तिथून गोळा केलेलं सगळं टेकडीवर राहिलं. ते परत मागावं असं मी म्हणत नाहीये. भोपाळनं ते जपलं, आणि आमच्याकडे ते जपलं गेलं असतं याची खात्री मी देणार नाही. भिलाईत सिव्हिक सेंटरला नेहरू आर्ट गॅलरी आहे, कारखान्याची. तिथं स्थानिक चित्रकारांची प्रदर्शनं भरतात, संध्याकाळी फिरायला आलेली माणसं डोकावतात, आणि मी त्यात मनापासून रमते. पण सरगुज्यातली एक जाळी पाहायला भिलाईच्या मुलीला रात्रभर प्रवास करून दुसऱ्या राज्यात जावं लागतं, आणि तिथं पाटीवर ती पाहुणी असते, हे लिहून ठेवायला हवं.

या भागातला मराठी माणूस अनुवादाच्या कामाला नवा नाही. माधवराव सप्रे पेंड्र्याहून १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ काढत होते. पुढे त्यांनीच दासबोध आणि टिळकांचं गीतारहस्य हिंदीत नेलं. मुक्तिबोध घरी मराठी बोलत आणि राजनांदगावात बसून हिंदीत लिहीत, तर त्यांचे भाऊ शरच्चंद्र मराठीत. १९६४ साली दिल्लीत मुक्तिबोध गेले, त्यांच्या अंत्ययात्रेनंतर हुसेन यांनी पायताण घालणं सोडलं असं सांगतात. मला ही गोष्ट आवडते, तिच्यात एक चित्रकार एका कवीसाठी काही न बोलता काही करतो. पण सप्रे काय, मुक्तिबोध काय, सगळी ये-जा मराठी आणि हिंदीच्या मधली. छत्तीसगढीतून, गोंडीतून, हलबीतून मराठीत सरळ काय आलं? मी वीस वर्षं अनुवाद करतेय, माझ्या यादीत एकही पुस्तक नाही.

सध्या एक लेख मराठीत करतेय, रजवार बायकांच्या भिंतींवरचा. त्यात दुसऱ्याच परिच्छेदात ‘छुही’ येते. भिंतीला लावायची पांढरी माती. आमच्या क्वार्टरमध्ये कामाला येणाऱ्या, पाटणकडच्या एका बाईंना मी एकदा विचारलं होतं की छुही म्हणजे नेमकं काय, दुसरं काही नाव आहे का तिला? त्या हसल्या. “छुही ला छुहीच कहिथें, दीदी.” मराठीत पांढरी माती लिहिलं तर गावठाणाची ‘पांढरी’ आठवते, खडू लिहिलं तर शाळा, चुना लिहिलं तर सरळ चूक. मी ‘छुही’च ठेवलं. कलावंतांच्या जागी ‘चित्रकार’ ठेवलं, सगळीकडे, आणि जिथं माती आहे तिथं ‘शिल्पकार’. गडचिरोलीच्या शिक्षकांना मसुदा पाठवला. त्यांनी दोन क्रियापदं सुधारून परत पाठवला आणि ‘कारागीर’बद्दल काही लिहिलं नाही. संपादकांचं परवा उत्तर आलं. लेख आवडला, फक्त छुहीचा अर्थ कंसात द्यावा, वाचकाला अडखळायला होतं. त्यांना अजून उत्तर दिलेलं नाही.